दुपारी बारा ते दुपारी बारा: लांबच्या समुद्रप्रवासात कुटुंबाचा दिवस कसा आखावा

समुद्रावर दिवस दुपारी बाराला सुरू होतो. शिडांच्या जहाजांच्या काळात खलाशी दिवस तसाच मोजत. सूर्य माथ्यावर आला की आपण कुठे आहोत ते कळे आणि वहीचं नवं पान उघडे. आमच्या बोटीवरही आम्ही तीच पद्धत ठेवली. म्हणून हा लेखही दुपारी बारापासूनच सुरू करून दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत नेते.

कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला आम्ही चौघं शिडाच्या बोटीतून गेलो: मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची धाकटी. बोट ३९ फुटी. अंतर सुमारे २,७०० सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर. आम्हाला एकवीस दिवस लागले. आता परदेशात राहणारी मराठी कुटुंबंही बोटी घेऊ लागली आहेत, आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, "वादळ आलं तर?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: "झोपणार कधी?"

बोट रात्री थांबत नाही. अटलांटिकच्या मध्यावर पाणी चार-पाच किलोमीटर खोल, नांगर टाकायची सोयच नाही. चोवीस तास कुणीतरी जागं हवं, आणि मोठी माणसं दोनच. थकलेला माणूस गाठ चुकवतो, हुक अडकवायला विसरतो, उकळतं पाणी अंगावर सांडून घेतो. म्हणून खाली जे सांगते आहे, स्वयंपाकापासून शाळेपर्यंत, ते सगळं दोघांच्या झोपेभोवती बांधलेलं आहे.

निघण्यापूर्वी

हंगाम आधी पाहा. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे ३० नोव्हेंबरला संपतो, आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे स्थिर होतात. त्यामुळे बहुतेक बोटी नोव्हेंबरच्या अखेरीपासून पुढे निघतात. सरळ पश्चिमेला न जाता आधी नैऋत्येला, विसाव्या अक्षांशाच्या आसपास उतरायचं, वारा पाठीशी लागला की पश्चिमेला वळायचं. जुने खलाशी सांगत, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग वळा. आमच्या बरणीतलं तूप तिथवर खरंच सैल झालं होतं. १४९२ मध्ये कोलंबसही कॅनरीतल्या ला गोमेरा बेटावरूनच ६ सप्टेंबरला निघाला आणि छत्तिसाव्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, त्याला पलीकडची जमीन दिसली.

पहिलाच लांबचा प्रवास थेट हा करू नका. आम्ही आधी पोर्तुगालहून कॅनरीपर्यंत सहाशे मैलांच्या आसपासचा टप्पा केला. पाच रात्री. त्यात मुलांना काय सोसतं, कोण कधी चिडतं, कुणाला पहाटे जागता येतं आणि कुणाला मुळीच नाही, हे कळलं. रात्रीच्या पाळ्या आम्ही त्यावरूनच ठरवल्या.

पाण्याचा हिशेब असा करा: खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र बोटीवर असलं तरी ते नाही असं धरा. पिणं, स्वयंपाक आणि तोंड धुणं मिळून माणशी रोज चार लिटर, चौघांचे सोळा. एकवीसऐवजी पंचवीस दिवस धरले की चारशे लिटर. शिवाय वेगळ्या कॅनमध्ये ऐंशी लिटर, ते कितीही मोह झाला तरी उघडायचे नाहीत. टाक्या दोन असतील तर त्यांमधला व्हॉल्व्ह बंद ठेवा. हे आम्ही पाचव्या रात्री शिकलो. ओट्याचा नळ किंचित उघडा राहिला होता आणि पाण्याच्या पंपाचं बटण चालू. सकाळी टाकीचा काटा पाहिला तेव्हा साठेक लिटर पाणी तळाशी वाहून गेलेलं. दुसरी टाकी बंद होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून रात्रीची पाळी बदलताना पंपाचं बटण हाताने चाचपून बघायचं, हा नियम झाला.

किराणा भरताना पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच सोडा, त्यांच्या घड्यांतून झुरळांची अंडी बोटीत येतात. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या जाळ्यांत, हवा लागेल असे. कोबी आणि लाल भोपळा शेवटपर्यंत टिकतात. टोमॅटो हिरवे घ्या. केळ्यांचा अख्खा घड घेऊ नका, सगळी केळी एकाच दिवशी पिकतात.

दुपारी बारा: वहीचं पान

जीपीएसवरून अक्षांश-रेखांश वहीत लिहायचे, वायुभारमापकाचा आकडा लिहायचा, आणि कागदी नकाशावर फुली मारायची. कागदी नकाशा ठेवाच. पडद्यावरची बोट नेहमी मधोमधच दिसते, त्यामुळे आपण पुढे सरकतो आहोत हे मुलांना पटत नाही. कागदावर कालची फुली आणि आजची फुली यांमध्ये बोटभर जागा दिसते. चोवीस तासांत किती मैल कापले, हे आकडे वाचण्याआधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा. पहिल्या दिवशी आमचे १०४ झाले, सर्वांत चांगल्या दिवशी १५२. अंदाज जिंकणाऱ्याला चिक्की.

घड्याळही याच वेळी हलवा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून पश्चिमेला पंधरा अंश सरकलं की घड्याळ एक तास मागे. लास पाल्मास साधारण पंधराव्या पश्चिम रेखांशावर आहे, पण तिथलं घड्याळ हिवाळ्यात ग्रीनिचचंच असतं, त्यामुळे नोव्हेंबरअखेरीस तिथे सूर्य माथ्यावर यायला पाऊण वाजतो. सेंट लुशिया एकसष्टाव्या रेखांशावर, ग्रीनिचच्या चार तास मागे. म्हणजे वाटेत चार तास कमी करायचे आहेत. ते एकदम करू नका, नाहीतर मुलांना पहाटे तीनलाच भूक लागते. पाच-पाच दिवसांनी एकेक तास करा, आणि काटा मुलांच्या हातून फिरवा. मात्र वहीत वेळ लिहिताना सगळीकडे ग्रीनिचचीच लिहा. हवामानाचे अंदाज त्याच वेळेत येतात आणि दोन घड्याळांचा घोळ घातक ठरतो.

एक ते पाच: दुपारची झोप

दुपारचं जेवण साडेबाराला, आणि एक वाजता नवरा झोपायला. तीनला तो उठला की पाचपर्यंत मी. ही झोप वैकल्पिक नाही. "मला झोप येत नाही" हे कारण पहिल्या आठवड्यात दोघांनीही दिलं आणि दोघांनीही रात्री ते भोगलं. झोप आली नाही तरी आडवं व्हायचं, डोळ्यांवर कापड घ्यायचं, आणि फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

वारा मागून असला की बोट दोन्ही बाजूंना डोलत राहते, दिवसरात्र. अशा वेळी नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, खोलीत झोपता येत नाही. बोटीच्या मध्यावर, मास्टच्या (डोलकाठीच्या) जवळ, हालचाल सगळ्यात कमी. तिथल्या बाकाला कडेने जाड कापडाची भिंत बांधा, आणि ती आणि पाठ यांच्यामध्ये उशी कोंबा. शरीर घट्ट बसलं तरच झोप लागते. नाहीतर झोपेतही स्नायू तोल सावरत राहतात आणि माणूस उठतो तो अंग आंबूनच.

या चार तासांत मुलांना शांत ठेवणं हे जागणाऱ्याचं काम. आमच्याकडे दुपार म्हणजे पत्ते, चित्रं आणि हेडफोन लावून गोष्टी ऐकणं. धाकटी पहिले दोन दिवस मोठ्याने गाणी म्हणायची, मग तिलाच कळलं की बाबा झोपला नाही तर संध्याकाळी चिडतो. मुलांना कारण सांगितलं की ती नियम पाळतात, नुसतं "गप्प बसा" म्हटलं की नाही.

पाच ते सात: अंधारापूर्वीची कामं

दिवसाचे हे दोन तास मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. नोव्हेंबरअखेर या अक्षांशांवर सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि रात्र बारा-तेरा तासांची असते. जे उजेडात करता येतं ते अंधारासाठी ठेवू नका.

आधी शीड. वारा कितीही छान असो, सूर्य मावळण्यापूर्वी मोठं शीड एक घडी लहान करा. अर्धा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेग जातो, जाऊ द्या. या वाटेवर रात्री काळ्या ढगाखालून अचानक सर येते, पंधरा नॉटचा वारा काही मिनिटांत तीस होतो. तेव्हा झोपलेल्याला उठवून डेकवर पाठवण्यापेक्षा आधीच आवरलेलं बरं. मग बूम (शिडाच्या खालची आडवी दांडी) बांधलेला दोर पाहा. वारा मागून असताना बोट थोडी जरी वळली तर बूम एका बाजूची दुसऱ्या बाजूला प्रचंड वेगाने येते. ती रोखायला पुढच्या बाजूला बांधलेला दोर ताणलेला आणि न घासलेला हवा.

मग दोर आणि हुक. बोटीच्या दोन्ही बाजूंना पुढून मागेपर्यंत जाड पट्टे ताणून बांधलेले असतात, अंगावरच्या हार्नेसचा (सुरक्षा-पट्ट्यांचा) हुक त्यांत अडकवून चालायचं. आमच्या घरचा कायदा असा: मुलं कॉकपिटमध्ये (सुकाणूपाशीच्या उघड्या बसायच्या जागेत) आली की हुक अडकवायचा, दिवसा, रात्री, वारा नसला तरी. मोठ्या माणसांनी अंधार पडल्यावर कॉकपिटबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकावंच लागलं तर दुसऱ्याला उठवायचं, तो कॉकपिटमध्ये उभा राहिल्यावरच पुढे जायचं. आणि पुरुषांनी लघवीला आत, बसून. यात सूट नाही.

हा कायदा इतका कडक का, ते मुलाला मी गणितातून दाखवलं. सहा नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटर. पाण्यात पडलेला माणूस एका मिनिटात जवळजवळ दोनशे मीटर मागे राहतो. दोन-तीन मीटरच्या लाटांत डोकं नारळाएवढं. आम्ही वाटेत एकदा खराच नारळ टाकून पाहिला. तिसऱ्या लाटेला तो दिसेनासा झाला. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, पण त्यानंतर हुकाची आठवण त्याला करावी लागली नाही.

तरीही सराव कराच, निघण्यापूर्वी, किनाऱ्याजवळ. कुणी पडलं तर एका मुलाचं काम एकच: बोटाने त्या माणसाकडे दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. एक मोठा माणूस पडला तर दुसरा बोट थांबवण्यात गुंतणार, म्हणून रेडिओचं काम दुसऱ्या मुलाला यायला हवं. व्हीएचएफ रेडिओच्या शेजारी आम्ही जाड अक्षरांत कार्ड चिकटवलं होतं: लाल बटण किती वेळ दाबायचं, सोळा नंबरच्या चॅनलवर "मेडे" (संकटाची हाक) म्हणून काय वाचायचं, बोटीचं नाव, माणसं किती, जागा कुठे बघायची. अकरा वर्षांचं मूल हे सगळं नीट करतं. उपग्रहाला संकेत पाठवणारं इपर्ब कुठे टांगलं आहे हे धाकटीलाही माहीत होतं.

रात्रीचं जेवण साडेपाचला, उजेडात. भांडी लगेच. मग रात्रीचा डबा भरायचा: चिवडा, लाडू, सफरचंद, थर्मासमध्ये चहा. रात्री दोन वाजता ओट्यापाशी खुडबुड झाली की झोपलेला जागा होतो, म्हणून डबा कॉकपिटमध्येच.

रात्र

आमच्या पाळ्या अशा होत्या: सात ते दहा नवरा, दहा ते एक मी, एक ते चार नवरा, चार ते सात मी. म्हणजे प्रत्येकाला रात्री तीन-तीन तासांच्या दोन झोपा आणि दुपारचे दोन तास, एकूण आठ. पाळ्या रोज बदलू नका. त्याच वेळी झोप, त्याच वेळी जाग, असं तीन-चार दिवस झालं की शरीर ते स्वीकारतं. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पाळी बदलायला दुसरं कुणीच नसताना असा प्रवास करणाऱ्यांचा विचार केला की आपल्याला सलग तीन तास मिळतात हेच केवढं मोठं वाटतं.

पाळी देताना पंधरा मिनिटं आधी उठवा. येणाऱ्याने जॅकेट, हार्नेस, हुक हे सगळं आतच घालून वर यायचं, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत जाणाऱ्याने थांबायचं. मग तोंडी सांगायचं: वारा किती, दिशा कुठली, कुठलं जहाज दिसतंय आणि ते कुठे चाललंय, बॅटरी किती, टाकीचा काटा कुठे. लिहिलं आहे म्हणून बोलायचं टाळू नका. झोपेतून उठलेला माणूस वही नीट वाचत नाही.

जागणाऱ्याने काय करायचं? दर बारा मिनिटांनी उभं राहून क्षितिजाची पूर्ण फेरी, नाळेपासून नाळेपर्यंत, सावकाश. बाराच का, तेही सांगते. समोरून अठरा नॉटने येणारं मालवाहू जहाज आणि सहा नॉटने जाणारे आपण, मिळून चोवीस. सहा मैलांवर दिवा दिसला तर गाठ पडायला पंधरा मिनिटं. म्हणून स्वयंपाकघरातला टायमर गळ्यात अडकवा आणि बाराला लावा. एआयएसच्या (जहाजं रेडिओवरून आपली जागा कळवतात त्या यंत्रणेच्या) पडद्यावर मोठी जहाजं नावासकट दिसतात, त्याचा गजर लावून ठेवाच, पण त्यावर विसंबू नका. छोट्या बोटींकडे ते नसतं, आणि पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याकडे तर नसतंच. आतले दिवे लाल. फोन बघितला की पुढची काही मिनिटं डोळे अंधारात आंधळे होतात.

एखाद्या बाजूचे तारेच गायब झाले तर तिथे ढग आहे, सर येते आहे. दुसऱ्याला उठवायचा संकोच करू नका. "अजून दहा मिनिटं झोपू दे त्याला" या मायेपोटी मी एकदा शीड उशिरा आवरलं आणि मग दोघांनाही तासभर भिजत बसावं लागलं.

पण रात्रीबद्दल फक्त कामाचंच सांगितलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. पहाटेच्या पाळीला कधी कधी मुलगा वर येऊन बसायचा. त्याला मी ध्रुवतारा मोजायला शिकवला. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून ध्रुवाची उंची जितके अंश, तितका आपला अक्षांश. लास पाल्मासला ध्रुव जवळजवळ तीन मुठींवर होता. रोज तो खाली सरकत गेला. दोन मुठींपेक्षा किंचित खाली आला तेव्हा आम्ही एकोणिसाव्या अक्षांशावर, मुंबईच्या रेषेवर होतो. माझं माहेर मालवणचं. सोळाव्या अक्षांशावर पोचलो त्या पहाटे मुलाने दीड मुठीच्या थोडं वर ध्रुव धरला आणि म्हणाला, "आई, आजीच्या अंगणातून इतकाच दिसतो ना?" इतकाच दिसतो. दक्षिणेला अगस्तीही तसाच. जमिनीपासून हजार मैलांवर असताना डोक्यावरचं आकाश माहेरचं होतं. त्या दुपारी आगळाची बाटली उघडली, नारळाच्या दुधाची पावडर कालवली आणि सोलकढी केली.

सात ते नऊ: डेकवरची फेरी

उजाडलं की नवरा उठायच्या आत मी चहा टाकते, आणि तो वर आल्यावर एकजण हुक अडकवून पूर्ण डेकवर फिरतो. मुलांना कॉकपिटमधून दिसतात ते रात्री येऊन पडलेले उडते मासे, पण आपण शोधतो ते वेगळं: डेकवर पडलेली एखादी पिन, वॉशर, तुटलेला धागा. वरच्या कशातून तरी ते निसटलं आहे. ते कशातलं हे सापडेपर्यंत फेरी संपत नाही.

दोर जिथे वळतो तिथे हात फिरवा. एकवीस दिवस दोर एकाच जागी घासला तर मनगटाएवढाही तुटेल. रोज हातभर पुढे किंवा मागे सरकवायचा, म्हणजे घासणं वाटलं जातं.

नऊ ते बारा: ओटा आणि शाळा

पहिले तीन दिवस स्वयंपाकाचा विचारच करू नका. बहुतेकांना समुद्र लागतो आणि शरीर सरावायला साधारण तेवढाच वेळ घेतं. गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू करायच्या असतात, उलट्या सुरू झाल्यावर पोटात टिकत नाहीत. मुलांसाठी कुठली आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. बाकी उपाय साधे: मूल आजारी वाटलं की त्याला बाहेर क्षितिजाकडे बघत बसवा, नाहीतर बोटीच्या मध्यावर पाठीवर झोपवून डोळे मिटायला सांगा. आत बसून वाचायला मुळीच देऊ नका. ओआरएस घोट-घोट. धाकटीला आलेपाक चालला आणि दुसऱ्या संध्याकाळी तिने मेतकूट-भात मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. घरून आणलेल्या मेतकुटाची बरणी मी सगळ्यात हाताशी ठेवली होती.

ओट्यापाशी खरा धोका भाजण्याचा. आठवडाभर दवाखाना गाठता येणार नाही अशा ठिकाणी उकळतं पाणी मांडीवर सांडणं काय असेल, याचा विचार करा. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते, बोट कलली तरी ती सपाट राहते. तरीही पातेलं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, कडेच्या पट्ट्यांनी ते जखडा, आणि कितीही उकडत असलं तरी पावसाळी पँट किंवा जाड एप्रन घालूनच उभे राहा. कपात चहा ओतताना कप हातात धरायचा नाही, सिंकमध्ये ठेवायचा. मुलांनी शेगडीसमोर बसायचं नाही.

आपला प्रेशर कुकर बोटीवर सोन्यासारखा. झाकण लागलेलं असल्याने आडवा पडला तरी आतलं सांडत नाही, गॅस कमी लागतो, आणि दोन शिट्ट्या झाल्या की बंद करून जाड चादरीत गुंडाळून ठेवला तर डाळ आपोआप शिजत राहते. गॅस प्रत्येक वेळी सिलेंडरपाशी बंद करायचा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो, वास येईपर्यंत उशीर होतो.

पोळ्यांचा नाद पहिल्या आठवड्यात सोडा. थालीपीठ करा. तवा थंड असतानाच त्याच्यावर तेल लावून थापायचं, मग शेगडीवर ठेवून आच द्यायची. ना पोळपाट, ना लाटणं, ना पिठाचा धुरळा. भाजणी दीड-दोन महिने सहज टिकते. ताज्या भाज्या दहाव्या दिवसाच्या पुढे मागे संपतात, तेव्हा मूग-मटकी हीच आपली भाजी. सकाळी भिजत घालायची, रात्री कापडात बांधून टांगायची. उबदार हवेत दुसऱ्या दिवशी मोड डोकावतात. आमची पुरचुंडी जिन्याच्या दांडीला टांगलेली असायची आणि बोटीबरोबर हलायची. ती धाकटीची जबाबदारी होती, रोज तिच्यावर पाणी शिंपडायचं. समुद्राचं पाणी बटाटे उकडायला चालतं, एक भाग खारं आणि दोन भाग गोडं. भांडी पूर्ण खाऱ्या पाण्यानेच.

अंघोळीलाही खारं पाणी. कॉकपिटमध्ये बादलीभर पाणी अंगावर घ्यायचं, भांड्यांचा द्रवसाबण लावायचा (खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही), पुन्हा खारं पाणी, आणि शेवटी फवाऱ्याच्या बाटलीतून माणशी एक लिटर गोडं. हे शेवटचं वाचवू नका. अंगावर मीठ राहिलं की बसून-बसून पुरळ उठतं आणि मीठ कपड्यांत, गादीत शिरून ओल धरून ठेवतं.

कचऱ्याबद्दल एकच सांगते: उरलेलं अन्न किनाऱ्यापासून बारा मैलांपलीकडे समुद्रात टाकता येतं, प्लास्टिक कुठेही नाही. धुऊन, कापून, बाटलीत कोंबून पलीकडच्या बंदरावर न्यायचं. आमचं तीन आठवड्यांचं प्लास्टिक पाच लिटरच्या दोन बाटल्यांत मावलं.

शाळा दहा ते साडेअकरा, त्याहून जास्त नाही. वाचन आणि लेखन बोट शांत असेल त्या दिवशी, बाकी वेळी तोंडी. पाढे, कविता, आणि वहीतले आकडे. काल किती मैल, आज किती, सरासरी किती, उरले किती, मग पोचणार कधी? मुलाला अपूर्णांक घरी कधी आवडले नव्हते. इथे उत्तर चुकलं तर पोचायची तारीख चुकत होती, म्हणून तो स्वतःहून दोनदा तपासायचा.

एखाद्या दिवशी यातलं काहीच जमत नाही. वारा पडलेला असतो, शिडं फडफडत असतात, धाकटी रडते, नवरा आणि मी कुठल्या तरी दोरावरून भांडतो. अशा दिवशी शाळा सोडा, स्वयंपाक सोडा, शेंगदाण्याचे लाडू खा, पण पाळ्या आणि दुपारची झोप सोडू नका. आम्ही सोळाव्या दिवशी असं केलं. दोघंही आळीपाळीने झोपलो, संध्याकाळी वारा परत आला, आणि भांडण कशावरून होतं ते आता आठवत नाही.

पावणेबाराला मुलगा पट्टी-पेन्सिल घेऊन नकाशाच्या टेबलापाशी येतो. धाकटी कॉकपिटमधून ओरडून तिचा अंदाज सांगते, एकशे तीस. बाबा एकशे बावीस. मी एकशे सव्वीस. मुलगा घड्याळाकडे बघत थांबतो, बारा वाजतात, आणि तो आकडे वाचायला लागतो.